इथून वर ‘तू’

हिम ही अखिल मानवजातीची सामायिक ठेव असून महासंघ तिचा विश्वस्त आहे. व्हेरेना ब्रावांडने ही ठेव मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, कारण टपालखात्याची पिवळी बस वळणे घेत घाट चढत होती आणि पितळी पाटीच्या कडा कारागिराने नीट घासल्या नव्हत्या. मागच्याच वळणावर मानवजातीच्या बाजूच्या कोपऱ्याने तिच्या लोकरी मोज्याचा धागा ओढला होता. बाहेर जानेवारीचा पाऊस पडत होता.

त्या वाक्याखाली ठळक अक्षरांत कोरले होते, ‘आदर्श पर्यावरणस्नेही स्पर्धास्थळ : श्टाफेलग्राट’. आंतरराष्ट्रीय हिमक्रीडा महासंघातर्फे ही पाटी आज गावाला अर्पण करायची होती. पाटी अर्पण करून झाली की गावाची शर्यत काढून घ्यायची होती. दोन्ही कामे एकाच खेपेत उरकावीत ही सूचना महासचिव रेटो कापाउल यांची. दोन खेपांचा धूर कशाला?

कापाउलसाहेब शेजारीच बसले होते. बसमधून उतरतानाचे एक छायाचित्र हवे म्हणून ते बसने आले होते. त्यांची गाडी चालकासह मागून रिकामी येत होती, कारण संध्याकाळी त्यांना विमानतळ गाठायचा होता.

“ब्रावांडबाई, तुम्ही मूळच्या इथल्याच ना?” ते म्हणाले. “मग बरंच झालं.”

काय बरे झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि व्हेरेनाने विचारले नाही.

महासंघाच्या कचेरीत ती पर्यावरण विभागाची प्रमुख होती. विभागात ती आणि कुंडीतले एक झाड असे दोघे होते. महासंघाचा कार्बनचा ठसा मोजायचा आणि तो दर वर्षी मागच्या वर्षापेक्षा लहान भरेल असे पाहायचे, हे तिचे काम. पहिल्याच वर्षी कचेरीतले कॉफीचे यंत्र काढून टाकण्यात आले. लोक रस्ता ओलांडून समोरच्या उपाहारगृहात कॉफी पिऊ लागले, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी कागदी पेल्यात. पण रस्ता नगरपालिकेचा होता आणि पेला उपाहारगृहाचा. कॉफीचा ठसा महासंघाच्या हद्दीतून गेला, तो कायमचाच.

ही हद्दीची युक्ती एकदा कळली की बाकीचे सोपे होते. खेळाडू विमानाने येत, तो धूर त्यांच्या त्यांच्या देशांच्या संघटनांचा. पंचांचा धूर पंच ज्या दारातून निघाले त्या दाराचा. उरल्यासुरल्यासाठी विषुववृत्ताकडल्या कुठल्याशा देशातले जंगल घेतले होते. म्हणजे जंगल नव्हे, ते न तोडण्याचे वचन घेतले होते. ते तोडायचे मुळात कोणाच्या मनात होते का, हे विचारणे शिष्टाचारात बसत नव्हते.

व्हेरेनाने साऱ्या नोकरीत एकदाच टेबलावर हात आपटला होता, तो ह्याच हद्दीवरून. प्रेक्षक हद्दीबाहेर ठेवावेत असे मंडळाचे म्हणणे पडले. “शर्यत आपण त्यांच्यासाठी भरवतो, तिकिटं आपण विकतो, टाळ्या आपण घेतो, मग त्यांच्या गाड्यांचा धूर तेवढा कुणाचा?” असे ती उभी राहून म्हणाली. प्रेक्षकांच्या गाड्यांची ओळ नसेल तर अहवालावर माझी सही नसेल, असेही म्हणाली. मंडळ दचकले. ओळ आली. त्या संध्याकाळी ती सरोवराच्या काठाने घरापर्यंत पायी गेली. एवढा आनंद बसमध्ये मावला नसता.

त्याच ओळीने श्टाफेलग्राटला बुडवले. गावाची शर्यत जुनी, बघायला माणूस लोटायचा, आणि रेल्वे खोऱ्यात अर्ध्यावरच थांबते. पुढे टपालबस, नाहीतर स्वतःची गाडी. उलट वाळवंटातल्या एका शहराने छपराखाली बर्फाची उतरण बांधली होती, आणि तिथे शर्यत बघायला कोणीही येणार नव्हते. प्रेक्षक नाहीत म्हणून गाड्या नाहीत, गाड्या नाहीत म्हणून धूर नाही. उतरण गोठवायला लागणारी वीज त्या शहराच्या हद्दीत. कापाउलसाहेबांनी तुलनेचा तक्ता पाहिला आणि पर्यावरण विभागाचे मनापासून आभार मानले. आजवर असे कधी झाले नव्हते.

बस थांबली. छायाचित्र झाले. दोघे रोपवेच्या केबिनमध्ये बसले आणि केबिन धुक्यात शिरली.

मधल्या स्थानकावर एक लाकडी फळी टांगलेली आहे. तापल्या सळईने तिच्यावर कोरले आहे : ‘इथून वर “तू”’. खाली सरोवराकाठी माणसे वीस वर्षे एका मेजावर जेवतात तरी त्यांचे ‘तुम्ही’ सुटत नाही. वडीलधाऱ्याने पेला पुढे करून ‘तू’ द्यावा लागतो, तोपर्यंत धाकट्याने वाट बघायची. डोंगरावर हे परवडत नाही. दोराला लोंबकळणाऱ्या माणसाला ‘आपण जरा डावा पाय सरकवाल का’ असे विचारेपर्यंत तो गेलेला असतो. म्हणून फळीच्या वर सगळे सारखे, मंत्री काय आणि गुराखी काय.

“अच्छा, म्हणजे आता आपलं अरे-तुरे?” कापाउलसाहेब हसले.

“पद्धत आहे,” व्हेरेना म्हणाली.

“रेटो.” त्यांनी हात पुढे केला.

“व्हेरेना.”

“मग व्हेरेना, आता मोकळं बोलतो. तू कालपासून तोंड पाडून बसली आहेस. कशासाठी? अजून काहीच बिघडलेलं नाही.”

तिने वर पाहिले. महासचिवांना ‘तू’ म्हणणे तिच्या जिभेला जमेना, म्हणून तिने वाक्यांतून क्रियापदेच गाळायला सुरुवात केली.

“म्हणजे?”

“म्हणजे एक ओळ काढायची. प्रेक्षकांची. ती काढली की तुझं गाव वाळवंटापेक्षा स्वच्छ. शर्यत इथंच. मंडळाचं मी बघतो. ओळ तूच घातलीस, तूच काढ. कुणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही.”

“आणि ठसा?”

“एवढासा! बाळाचं पाऊल.”

“आणि खरा?”

“खरा म्हणजे?” कापाउलसाहेबांनी विचारले. ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखरच कळले नव्हते.

केबिन खांबावरून जाताना खडखडली. पाटी मांडीवरून घसरली, ती व्हेरेनाने गुडघ्याने अडवली. खाली कुरणे तपकिरी आणि ओली दिसत होती. ह्या उतारावरून ती शाळेतून घरी यायची, नोल्डी आमाखरच्या स्कींच्या मागच्या टोकांवर उभी राहून, त्याच्या कोटाला धरून. तिच्या स्वतःच्या स्की यायला अजून दोन नाताळ होते. तेव्हा ह्या दिवसांत खाली कुंपणाची टोकेसुद्धा दिसत नसत.

“वर पोचेपर्यंत सांग,” कापाउलसाहेब म्हणाले.

तिने पाटीवरचे पाण्याचे थेंब बाहीने पुसले. मग उलट्या बाजूचेही पुसले. वरचे स्थानक आले, दार सरकले.

“ठीक. मग बातमी तू सांग,” ते उठत म्हणाले. “तू इथली आहेस.”

नोल्डी फलाटावरच उभा होता. लिफ्टचाही प्रमुख तोच, शर्यतीच्या समितीचाही तोच, आणि मोसम संपला की गोठ्याचाही तोच. हातांना वंगण लागले होते, म्हणून त्याने कोपर पुढे केले.

“व्रेनी! अगं, असल्या पावसात? आणि हे काय आणलंस, थाळी?”

“पाटी आहे.”

“पितळेची? कोण गेलं?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “हे महासचिव. रेटो.”

“ये रेटो, आत ये. ट्रूडी! दोन ओली माणसं आलीत.”

ट्रूडी डोंगरमाथ्यावरची खानावळ चालवते. नोल्डीची ती थोरली बहीण, आणि गावात दोघांपैकी कुणाचे चालते हे सगळ्यांना माहीत आहे. तिने कापाउलसाहेबांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले आणि पायांपाशी थांबली.

“बूट काढ. महासचिव खाली. इथं फरशी मी पुसते.”

कापाउलसाहेबांनी बूट काढले. त्यांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते. व्हेरेनाने नजर खिडकीकडे वळवली.

खिडकीतून शर्यतीचा उतार दिसत होता. साऱ्या तपकिरी डोंगरावर एकच पांढरी पट्टी, चादर धुऊन वाळत घातल्यासारखी. वरच्या अंगाला भुशाचा ढीग अर्धा उपसलेला होता.

“बघ, बघ,” नोल्डी तिच्या खांद्यामागून म्हणाला. “गेल्या मार्चमधला बर्फ आहे तो. अख्खा उन्हाळा भुशाखाली झाकून ठेवला, तू सांगितलंस तसाच. गावातले हसायचे. म्हणायचे, नोल्डी बर्फ उबवायला बसलाय, आता पिल्लं निघणार. आणि निघाली की नाही? नकली बर्फ उडवायच्या तोफा नकोत म्हणालीस, विकून टाकल्या. जास्तीच्या बसगाड्या सांगितल्यात. मांडव, बाकं, संडास, सगळं ठरलंय. मार्चच्या पहिल्या रविवारी फक्त तुम्ही लोकांनी यायचं आणि शिट्टी मारायची.”

ट्रूडीने बटाटे आणि मॅकरोनीवर वितळलेले चीज घालून ताटल्या आणल्या, बाजूला सफरचंदाचा गर. कॉफीत नाशपातीची दारू तिने न विचारताच ओतली. कापाउलसाहेब भुकेले होते. त्यांनी व्हेरेनाकडे बघून भुवया उंचावल्या आणि काटा उचलला.

“नोल्डी,” व्हेरेना म्हणाली, “शर्यत जातेय.”

“पुढं? पावसापायी? हट्, पंधरा दिवसांत थंडी पडते बघ.”

“पुढं नाही. जातेय. दुसरीकडं.”

नोल्डी हसण्याच्या बेतात होता, तो तसाच राहिला. ट्रूडीच्या हातात कॉफीचे भांडे होते, ते तिने मेजावर ठेवले नाही.

“कुठं?” तिने विचारले.

व्हेरेनाने शहराचे नाव सांगितले.

“तिथं बर्फ पडतो?”

“छपराखाली करतात.”

“आणि तो आमच्यापेक्षा स्वच्छ?”

“इथं बघायला माणसं येतात,” व्हेरेना म्हणाली. “गाड्या घेऊन येतात. तिथं कुणी येणार नाही. म्हणून महासंघाचा ठसा तिथं लहान पडतो.”

आपलेच बोलणे तिने ऐकले. अहवालात ते इतके वाईट वाटले नव्हते.

“ठसा म्हणे!” ट्रूडीने भांडे आदळले. “बर्फच नसला तर ठसा उमटणार कशावर? बरोबर आहे, तिकडंच जा.”

“एक विनंती होती,” कापाउलसाहेब तोंड पुसत म्हणाले. “जिंकणाऱ्याला तुम्ही ती गाईच्या गळ्यातली घंटा देता ना, ती आम्ही तिथंही ठेवणार आहोत. परंपरा तुटायला नको. आज मिळाली तर मी बरोबरच नेतो, विमानात चालते ती.”

“गाय पण ने,” ट्रूडी म्हणाली. “सुटी घंटा कशाला?”

कापाउलसाहेब मोठ्याने हसले. हसणारे ते एकटेच होते हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आले.

नोल्डी बोटांवरचे वंगण चिंधीने पुसत होता. एकेक बोट, सावकाश, जणू पुसून झाल्यावर ती कुणाला तरी परत करायची होती.

“व्रेनी, तू तिथं बसतेस,” तो म्हणाला. “काहीच करता आलं नसतं?”

कॉफीवर साय धरली होती. व्हेरेनाने ती चमच्याने बाजूला केली.

“नाही,” ती म्हणाली.

“अगदीच नाही असं नाही हं,” कापाउलसाहेब म्हणाले. मघाच्या हसण्याची भरपाई करायला त्यांना काहीतरी चांगले बोलायचे होते. “हिच्या बाजूनं मला सांगितलंच पाहिजे. आत्ता केबिनमध्ये मी हिला म्हणालो, एक ओळ काढ, शर्यत इथंच ठेवू. पण ही तत्त्वाची पक्की. असली माणसं आता राहिली नाहीत. माझा हिला सलाम आहे.”

त्यांनी पेला उंचावला. ट्रूडी आत निघून गेली.

“कुठली ओळ?” नोल्डीने विचारले.

“गाड्या मोजायची,” व्हेरेना म्हणाली. “बघायला येणाऱ्यांच्या.”

“ती काढली असतीस तर?”

“तर अहवालात गाड्या नसत्या. रस्त्यावर असत्याच ना, नोल्डी. ते खोटं झालं असतं.”

“आणि शर्यत?”

“शर्यत राहिली असती.”

नोल्डीने मान हलवली. चिडून नव्हे, खालच्या दुकानात तारेचा भाव विचारावा आणि तो कळावा, तशी. मग तो उठला आणि चिंधी खिशात घालत म्हणाला,

“तुम्ही कॉफी संपवा. खाली जायची शेवटची केबिन चारला आहे.”

दोघांना म्हणाला असेल, व्हेरेनाच्या मनात आले. दोघे होतोच.

जाण्याआधी छायाचित्र घ्यायचे होते. नोल्डीने पाटी छातीशी धरली, शाळेतली मुले पाटी धरून उभी राहतात तशी, आणि कापाउलसाहेबांनी सांगितले तेव्हा थोडी डावीकडे कलती केली, कारण पितळ चमकत होते. घंटा कोणी आणून दिली नाही आणि पुन्हा कोणी मागितलीही नाही.

दोघे चारच्या केबिनने उतरू लागले. मधल्या स्थानकावरची फळी आता मागच्या बाजूने दिसली. मागच्या बाजूला काहीच लिहिलेले नाही. केबिन तिच्याखालून गेली आणि कापाउलसाहेबांनी घसा खाकरला.

“छान सांभाळलंत तुम्ही, ब्रावांडबाई.”

मार्चच्या पहिल्या रविवारी वाळवंटात शर्यत झाली. व्हेरेनाने ती कचेरीतल्या पडद्यावर बघायला हवी होती. तिने सकाळची गाडी पकडली आणि खोऱ्यात उतरून टपालबसची रांग धरली. बसला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. पुढे गाड्या होत्या, त्यांच्या पुढेही गाड्या होत्या, आणि गाड्यांच्या काचांतून बाहेर पडणाऱ्या गाण्याला माणसे आतून साथ देत होती.

नोल्डीने फार काही केले नव्हते. मांडव, बाकं, संडास ठरलेले होतेच. फक्त गायक आणायचा होता. लग्नांत आणि जत्रांत वाजतो तसला, गालांवर खळ्या असलेला एक गायक मोकळा सापडला.

वाहनतळाच्या तोंडाशी पितळी पाटी चार स्क्रूंनी बसवलेली होती. पावसाने ती जरा काळवंडली होती, पण ‘आदर्श पर्यावरणस्नेही’ एवढे दुरूनही वाचता येत होते. तिच्याखाली पुठ्ठ्यावर कुणीतरी रंगाने लिहिले होते, ‘जागा संपली’. ते अक्षर ट्रूडीचे होते.

बसमधली गर्दी पुढे गेल्यावर व्हेरेनाने तिकीट काढले. खिडकीतल्या मुलीने तिच्या मनगटाला हिरवा कागदी पट्टा बांधला. केबिनमध्ये ती एकटीच होती; गाणे कधीच सुरू झाले होते आणि लोक वर पोचले होते. फळी आली. व्हेरेनाने ती वाचली, जणू पहिल्यांदा वाचत होती, आणि मग कोटाची बटणे लावून घेतली. बोलायचे काय ते तिने घाटातच ठरवले होते. नोल्डी, तू बरोबर होतास, असे नव्हे. कारण तो बरोबर नव्हता. मी चुकले असेही नव्हे. नुसतेच, नोल्डी, कसा आहेस?

वरच्या फलाटावर दोरी बांधून वाट केली होती आणि दोरीच्या टोकाला तो उभा होता. त्याच्या मागे, उन्हाळाभर उबवलेल्या बर्फाच्या पट्टीवर, माणसे बिअरचे पेले सांभाळत नाचत होती. बर्फ त्यांच्या बुटांखाली काळा पडून चालला होता. गायक म्हणाला की आज इथं आपण सगळे एक कुटुंब आहोत, आणि सगळ्यांनी हात वर केले.

“नोल्डी,” ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले. राग नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाकडे तो तसाच पाहत असणार.

“पट्टा दाखवा,” तो म्हणाला.

आपल्याबरोबर आणखी कोण आले आहे हे बघायला व्हेरेनाने मागे वळून पाहिले. केबिनचे दार मिटत होते. आत कोणी नव्हते.

तिने बाही वर केली.

त्या वर्षी महासंघाचा कार्बनचा ठसा एकोणतीस टक्क्यांनी घटला.